तारेतील पंचवीस हजार : विजेच्या इंजिनाचा एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवी. सामान्य विज्ञान व इतिहास यांच्या समवायाने घ्यावयाचा पाठ.)

१२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण हा लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला झाला आणि उरण तालुक्यातील मुलांच्या नित्याच्या पाहण्यात विजेची गाडी आली. ज्या गावांतून पूर्वी मोरा बंदराची लाँच किंवा एस.टी.ची गाडी हीच मुंबईची वाट होती, तेथील मूल आता फलाटावर उभे राहून डोक्यावरील तारेकडे बोट दाखविते व शिक्षकास विचारते, “गुरुजी, या तारेत किती वीज आहे?” तारेत पंचवीस हजार व्होल्ट दाब आहे, एवढे सांगून पुष्कळ शिक्षक थांबतात. परंतु घरातील दिवा दोनशे तीस व्होल्टवर लागत असता गाडीस पंचवीस हजार कशाला, हा मुलाचा पुढील प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा आहे. त्याचे उत्तर फ्रान्समधील एका इंजिनाच्या इतिहासात सापडते.

आरंभ फळ्यावरील गणिताने करावा. एखाद्या इंजिनास दोन हजार किलोवॅट, म्हणजे वीस लक्ष वॅट शक्ती हवी आहे असे धरावे. दाबास प्रवाहाने गुणले असता शक्ती मिळते. तारेत १,५०० व्होल्ट दाब असेल, तर सुमारे १,३३३ अँपिअर प्रवाह लागेल; दाब २५,००० व्होल्ट असेल, तर अवघे ८० अँपिअर पुरतील. तार तापून जी वीज फुकट जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. प्रवाह सुमारे सतरापट कमी झाला, तर त्याच तारेतील नासाडी पावणेतीनशे पटींहून अधिक कमी होते. हा आकडा मुलांकडूनच काढवून घ्यावा. तो आयता दिल्यास पाठातील निम्मा आनंद नाहीसा होतो. घारापुरी बेटावर २०१८ साली समुद्राच्या तळातून वीज नेली तीही अशाच उच्च दाबाने, हे जाता जाता सांगता येईल.

मग प्रारंभापासूनच एवढा दाब का ठेविला नाही? येथे इतिहास आणावा. भारतातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदर स्थानकातून कुर्ल्यापर्यंत धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज ठेविली होती. पुढे १९२९-३० मध्ये ही तार बोरघाट चढून पुण्यास व थळघाट चढून इगतपुरीस पोहोचली. घाटात मालगाड्या ओढण्यासाठी १९२८ पासून स्वित्झर्लंडच्या विंटरटूर येथे आखलेली इंजिने आली. ती एकूण ४१ होती. मधोमध घर व पुढेमागे लांब नाके अशा त्यांच्या घडणीमुळे व चालीमुळे रेल्वेतील कामगारांनी त्यांस ‘खेकडा’ असे अगदी यथार्थ नाव दिले. एकदिश प्रवाह निवडण्याचे कारण इंजिनातील चलित्र हे होय. जड गाडी जागेवरून हलविण्यास त्या काळी एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या चलित्राइतके भरवशाचे साधन नव्हते. परंतु त्याची किंमत तारेत मोजावी लागे: जाड तांब्याच्या तारा व थोड्या थोड्या अंतरावर विद्युत् उपकेंद्रे.

दाब हवा तसा चढविणारे व उतरविणारे साधन म्हणजे रोहित्र. ते एकदिश प्रवाहावर चालत नाही; त्यास उलटसुलट प्रवाह, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारी वीज लागते. बोकडवीरा येथील वायुविद्युत् केंद्रात निर्माण होणारी व गावोगाव पुरविली जाणारी वीज अशीच असून तिची आवर्तने दर सेकंदास पन्नास असतात. म्हणजे तारेला हवा उलटसुलट प्रवाह आणि चलित्राला हवा एकदिश. ही गाठ मुलांच्या ध्यानात नीट येऊ द्यावी. ती आली म्हणजे पुढील सर्व भाग गोष्टीप्रमाणे ऐकला जातो.

जर्मनी व स्वित्झर्लंड यांनी आवर्तने कमी करून, सेकंदास सुमारे पावणेसतरा ठेवून, मार्ग काढला; पण त्यासाठी रेल्वेस वेगळी वीजकेंद्रे बांधावी लागली. हंगेरीतील अभियंता कांडो याने गावच्या पन्नास आवर्तनांच्या विजेवरच इंजिन चालविण्याचा मार्ग दाखविला. जर्मनीतील हॉलेनटाल या डोंगरी मार्गावरही तसा प्रयोग १९३६ पासून चालू होता. महायुद्धानंतर तो प्रदेश फ्रेंचांच्या ताब्यात आला, तेव्हा त्यांच्या अभियंत्यांनी त्या प्रयोगाचा बारकाईने अभ्यास केला. फ्रेंच रेल्वेचे लुई आर्मां हे या पद्धतीचे कैवारी होते. त्यांनी १९५० च्या सुमारास आल्प्सच्या पायथ्याशी अॅनसी गावावरून जाणाऱ्या मार्गावर प्रयोग करविला आणि नंतर कोळसा व लोखंडाच्या खाणींच्या ईशान्य प्रदेशातील व्हॅलेन्सिएन ते थिऑनव्हिल हा अवजड वाहतुकीचा मार्ग २५,००० व्होल्टवर घेण्याचे ठरले.

या मार्गासाठी फ्रेंचांनी एक नव्हे, चार जातींची इंजिने बांधली. त्यांची ही रीत शिक्षकांनी आवर्जून वाखाणावी. एका जातीत उलटसुलट प्रवाह सरळ चलित्रास दिला होता. दुसरीत फिरत्या यंत्राने त्याचा त्रिकला प्रवाह केला होता. तिसरीत एका चलित्राने जनित्र फिरवून एकदिश प्रवाह उत्पन्न केला होता. चौथी जात बीबी १२०००. ती १९५४ पासून धावू लागली. तिच्यात रोहित्राने दाब उतरवून तो प्रवाह ‘इग्निट्रॉन’ नावाच्या पोलादी, हवाबंद नळकांड्यांत सोडला जाई. नळकांड्याच्या तळाशी पारा असे. ठिणगी पडताच पाऱ्यापासून विजेचा झोत उठे व त्यातून प्रवाह एकाच दिशेने जाऊ शके. दिशा उलटली की वाट बंद, पुढील आवर्तनास पुन्हा ठिणगी. असे सेकंदास पन्नास वेळा चाले. विहिरीच्या पंपातील झडप पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. तोच हा प्रकार होय.

कोणती जात सरस, याचा निकाल रुळांवर लागला. चार आसांची बीबी १२००० इंजिने, पूर्वी सहा आसांच्या इंजिनांकडे सोपविले जाणारे ओझे ओढू लागली. यातील मर्म असे: रोहित्रामुळे चालकास दाब पायरीपायरीने वाढविता येतो आणि सर्व चलित्रे समांतर जोडता येतात. एखादे चाक घसरून गरगरू लागले तर त्या चलित्रातील प्रवाह आपोआप घटतो व चाक पुन्हा रूळ धरते. एकसर जोडणीत नेमके उलट घडते. घसरणाऱ्या चाकाच्या चलित्रावर दाब वाढतो व ते अधिकच घसरते. बीबी १२००० या जातीची १४८ इंजिने बांधली गेली व ती शतकाच्या अखेरपर्यंत चालली. मधोमध घर व दोन्हीकडे बसके नाक यांमुळे फ्रेंच लोक त्यांस ‘इस्त्री’ म्हणत. आपल्याकडील खेकडा व त्यांच्याकडील इस्त्री यांची चित्रे शेजारी शेजारी काढावयास मुलांस सांगावे.

भारताने १९५७ साली हीच पद्धती स्वीकारली व फ्रेंच रेल्वेचा सल्ला घेतला. १९५९ मध्ये युरोपातील कारखान्यांच्या संघाने बांधलेले डब्ल्यू.ए.एम.-१ जातीचे पहिले इंजिन आले. अशी शंभर इंजिने आली. त्यांतही इग्निट्रॉनच होते. पुढे सिलिकॉनचे लहान, घन एकदिशकारक निघाले व पारा इंजिनातून हद्दपार झाला.

या नावांतील अक्षरे मुलांस वाचता यावीत. डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग. ए म्हणजे उलटसुलट व सी म्हणजे एकदिश प्रवाह. पी प्रवासी, जी माल आणि एम मिश्र वाहतूक. खेकड्याचे सरकारी नाव डब्ल्यू.सी.जी.-१ होते. एवढ्या शिदोरीवर न्हावाशेवा बंदराकडील मालगाडीचे इंजिन मुले आपणच ओळखतील. उपनगरी गाडीस निराळे इंजिन नसून चलित्रे डब्यांखालीच असतात, हेही सांगावे.

देशभर पंचवीस हजारांची तार पसरत असता मुंबई मात्र दीर्घ काळ पंधराशेवर राहिली. इगतपुरीस दोन्ही पद्धती भेटत व इंजिने बदलावी लागत; नंतर दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली. गाड्या चालू ठेवून मुंबईतील तार टप्प्याटप्प्याने बदलण्यात आली. पश्चिम रेल्वेवरील काम २०१२ मध्ये व मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरील काम एप्रिल २०१६ मध्ये पुरे झाले. त्यामुळे उरणच्या मार्गास पंधराशेचा काळ पाहावाच लागला नाही. अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीच्या सहभागाने बिहारमधील मधेपुरा येथे बनणारे डब्ल्यू.ए.जी.-१२ हे बारा हजार अश्वशक्तीचे, दोन भागांचे मालगाडीचे इंजिन २०२० पासून सेवेत असून त्याच्या देखभालीचे एक केंद्र नागपूरच्या अजनी येथे आहे. त्यात चलित्रेही त्रिकला प्रवाहाची आहेत. म्हणजे फ्रेंचांची मागे पडलेली दुसरी कल्पना नव्या साधनांनिशी परत आली.

पाठाचा उरलेला भाग कितीही घाई असली तरी गाळू नये. घरातील तारेस हात लागल्यावाचून धक्का बसत नाही. या तारेचे तसे नाही. पंचवीस हजार दाबाची वीज थोडे अंतर हवेतून झेप घेते, म्हणून तारेपासून निदान दोन मीटर दूर राहावे असा रेल्वेचा दंडक आहे. उभ्या मालडब्याच्या टपावर चढणारा मुलगा तार न शिवताही भाजून मरू शकतो. फाटकातून जाताना ओली काठी, जाळ्याचा लांब बांबू किंवा लोखंडी सळई उभी धरू नये, आडवी व खाली धरावी. फाटकापाशी उंचीची आडवी कमान याच कारणासाठी उभारलेली असते. तारेत अडकलेला पतंग सोडून द्यावा. मांजा ओला असेल किंवा त्यावर धातूची पूड असेल तर तोच विजेची वाट होतो.

येथे कोणीतरी विचारीलच की, मग कावळा तारेवर खुशाल कसा बसतो? कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणून एकाच दाबावर असतात. दाबात फरक नसल्याने त्याच्या अंगातून प्रवाह वाहत नाही. मांजा धरून जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाचा हात तारेच्या दाबाशी जोडला जातो व पाय जमिनीवर असतात. फळ्यावर तार, कावळा, मुलगा व जमीन काढून प्रवाहाची वाट कोणत्या आकृतीत पुरी होते, ती खडूने मुलांकडून जोडून घ्यावी.