मागच्या फळीतून स्मॅश मारताना

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात व्हॉलीबॉलचं मैदान बहुधा मातीचं असतं आणि आखणी फक्कीची. मागच्या खेळाडूच्या स्मॅशवरून भांडणं होतात ती अशाच मैदानांवर, कारण ज्या रेषेवरून वाद, ती पहिल्या सेटमध्येच पुसली जाते. तेव्हा आधी रेषा नीट आखा.

टेपचं टोक मधल्या रेषेच्या बरोबर मध्यावर धरा आणि ३ मीटरवर खूण करा. आक्रमण रेषेची मागची कड या खुणेवर आली पाहिजे, तिची ५ सेंटिमीटर जाडी नेटच्या बाजूला जाते. ही जाडी मागे सरकवली, की नियमात खेळणाऱ्या पोरावर विनाकारण फाउल लागतो. बाजूच्या रेषेबाहेरही ही रेषा सरळ पुढे गेली आहे असंच धरतात. बाहेरून धावत आल्याने सूट मिळत नाही. दर सेटनंतर फक्की पुन्हा टाका.

मग मागचे तिघे ठरवून घ्या. सर्व्हिसच्या वेळी १, ६ आणि ५ क्रमांकाच्या जागी असलेले मागच्या फळीतले. सर्व्हिस करणाराही त्यांतच येतो. रॅली सुरू झाल्यावर ते नेटजवळ गेले तरी ती रॅली संपेपर्यंत मागचेच राहतात.

आता उडी. रेषेच्या तीन-चार पावलं मागून धाव घ्या. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावा टाकावा, मग उजवा-डावा झटकन. शेवटच्या पावलाचा चवडा रेषेच्या मागेच टेकला पाहिजे. रेषेला नुसता स्पर्शसुद्धा चालत नाही, कारण रेषा पुढच्या भागात मोजतात. पाय जमिनीवरून सुटला, की अंगाने पुढे झेपावून मारा आणि खुशाल रेषेपुढे उतरा. नियम उडी कुठून घेतली ते पाहतो, कुठे उतरलात ते नाही. म्हणून सरावात सेटरने चेंडू रेषेच्या थोडा पुढे टाकावा. रेषेवर किंवा मागे पडणारा चेंडू जोर खाऊन टाकतो. पाय चुकला का, हे मातीवर लगेच कळतं: बुटाच्या टोकाला फक्की लागलेली असते.

रेषेपुढे पाय ठेवूनही मारता येतं, पण मारताना चेंडूचा थोडा तरी भाग नेटच्या वरच्या कडेखाली हवा. पुरुषांसाठी ही कड २.४३ मीटरवर, महिलांसाठी २.२४ मीटरवर असते. संपूर्ण चेंडू कडेच्या वर असताना मारला आणि तो पलीकडे गेला किंवा प्रतिस्पर्ध्याचा हात त्याला लागला, की फाउल झाला. पंच उघड्या तळव्याचा हात कोपरापासून खाली आणून तो दाखवतात. गुण आणि सर्व्हिस समोरच्यांना जाते.

यात सगळ्यात जास्त सापडतो तो मागच्या फळीतला सेटर. नेटला खेटून उडी मारतो आणि दुसऱ्याच स्पर्शात चेंडू हळूच पलीकडे ढकलतो. पुढच्या फळीत असताना हीच चाल उत्तम, मागच्या फळीत असताना गुण गेला. प्रशिक्षकाने प्रत्येक फिरतीनंतर सेटरला मोठ्याने आठवण द्यावी: ‘पुढे’ किंवा ‘मागे’.

लिबेरोला तर मागूनही मोकळीक नाही. संपूर्ण चेंडू नेटच्या वर असेल, तर मैदानात कुठूनही त्याने आक्रमण करायचं नाही. पुढच्या भागात उभं राहून त्याने बोटांनी वरून दिलेला पासही, चेंडू नेटच्या वर असताना साथीदाराने मारू नये. तोच पास त्याने मनगटांवरून दिला, तर बेधडक मारा.