देहठेवण आणि दृष्टी : पुष्पमाला एन. यांच्या छायाचित्रांतील स्त्रीप्रतिमेची चिकित्सा

(१)

स्त्रीदेहाच्या चित्रणाचा प्रश्न मराठी वाङ्मयीन चर्चेत दीर्घकाळ श्लील-अश्लीलतेच्या वादातच अडकून राहिला. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ १९६२ मध्ये ‘रंभा’च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. तिच्यावरील खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ती अश्लील नसल्याचा निर्णय १९६९ मध्ये झाला. पुढे १९९५ मध्ये मधू सप्रे व मिलिंद सोमण यांचे विवस्त्र छायाचित्र असलेली बुटांची जाहिरात वादग्रस्त ठरली. त्या खटल्यातून दोघांची सुटका झाली ती २००९ मध्ये. दोन्ही वेळी चर्चेच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न एकच होता : किती दाखवले? स्त्रीचे वस्तूकरण मात्र उघड्या अंगाच्या प्रमाणावर अवलंबून नसते. तिची मांडणी कोणी केली, कोणासाठी केली आणि त्या मांडणीत तिचे स्वतःचे स्थान कोणते, यांवर ते ठरते. पुष्पमाला एन. यांच्या छायाचित्रांचे महत्त्व या दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात स्पष्ट होते.

(२)

या छायाचित्रांचा विचार करण्यापूर्वी त्यांना आधारभूत असलेली चित्रपरंपरा लक्षात घ्यावी लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगाव येथे शिळाप्रेस सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला आणि मोहिनी घराघरांत पोहोचल्या. देवघर आणि दिवाणखाना यांच्या भिंतींवर एकाच हाताने घडविलेली स्त्री स्थिरावली. ही स्त्री बहुधा पूर्ण वस्त्रात आहे, अलंकारमंडित आहे, पूज्यही आहे. तरीही तिची मान, तिचा कललेला खांदा, पदराची चुणी ही सर्व समोर उभ्या असलेल्या पाहणाऱ्याच्या सोयीने रचलेली आहेत. तिने पाहावे अशी अपेक्षा नाही. तिने दिसावे एवढीच आहे.

रविवर्म्यांच्या चित्रांसाठी बसलेल्या स्त्रियांमध्ये भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचे नाव घेतले जाते. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. ज्या स्त्रीच्या गळ्यात एका घराण्याची विद्या होती, तीच चित्राच्या चौकटीत आली की केवळ एक रूपवती उरते. तिचा आवाज, तिचे नाव, तिची साधना यांना चित्रात जागा नाही. वस्तूकरण या संज्ञेचा अर्थ याहून नेमकेपणाने सांगणारे उदाहरण क्वचितच आढळेल.

(३)

पुष्पमाला यांचा जन्म १९५६ मध्ये बंगळूर येथे झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. नाडियाच्या साहसपटांची आठवण जागविणारी ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (१९९६-९८) ही त्यांची मालिका मुंबईत घडते. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ‘नेटिव्ह विमेन ऑफ साऊथ इंडिया : मॅनर्स अँड कस्टम्स’ (२०००-०४) ही छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह केलेली मालिका अधिक महत्त्वाची आहे. रविवर्म्यांची चांदण्यातील स्त्री, त्यांची लक्ष्मी, विजापूरच्या आदिलशाही चित्रातील योगिनी, कन्नड चित्रपटातील दृश्य, वृत्तपत्रात छापली गेलेली आरोपी स्त्री अशा प्रचलित प्रतिमा तेथे पुन्हा रचल्या आहेत आणि त्या प्रत्येक रूपात स्वतः पुष्पमाला उभ्या आहेत.

येथे चिकित्सा घडते ती अनुकरणाच्या अतिरेकातून. वेशभूषा, पार्श्वभूमी, हाताची मुद्रा ही सर्व मूळ चित्राप्रमाणे आहेत, परंतु कुंचल्याने जे विरघळवले होते ते कॅमेरा विरघळू देत नाही. पडदा पडदा म्हणूनच ओळखू येतो. देवीच्या जागी विशिष्ट वयाची, विशिष्ट चेहऱ्याची एक स्त्री दिसते. जे सौंदर्य निसर्गदत्त वाटत होते ते श्रमाने धरून ठेवलेली देहठेवण आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. मालिकेच्या एका भागात तर छायाचित्रणाची पूर्वतयारीच चित्रविषय झाली आहे. दुसऱ्या एका भागात एकोणिसाव्या शतकातील मानववंशशास्त्रीय छायाचित्रणाचे विडंबन असून, चौकटी आखलेल्या पडद्यासमोर स्त्रीदेहाचे मोजमाप घेतले जाते. लक्ष्मीचे चित्र आणि मोजपट्टीपुढील देह एकाच मालिकेत आणून पुष्पमाला सुचवितात की पूजा आणि मोजणी या दोन्ही कृतींत स्त्री स्थिर, मूक आणि उपलब्ध असावी लागते.

(४)

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. सोलापूरचे राम जोशी आणि त्यांच्या समकालीन शाहिरांच्या अनेक लावण्या स्त्रीमुखाने बोलतात. तेथे शब्द पुरुषाचे, तर ते सादर करणारा देह बहुधा स्त्रीचा किंवा स्त्रीवेशातील नाच्याचा असतो. ‘मी’ म्हणणारी स्त्री रचनेची कर्ती नसते. पुष्पमाला यांच्या छायाचित्रांत ही विभागणी मोडते : रचणारी आणि रचली जाणारी एकच आहे. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून स्त्रीवर लादलेल्या दूषणांची उलटतपासणी घेतली. ताराबाईंनी शब्दांच्या क्षेत्रात जे केले त्याच जातीचे कार्य ही छायाचित्रे प्रतिमांच्या क्षेत्रात करतात.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. पहिली अशी की, विडंबन ओळखण्यासाठी मूळ प्रतिमा स्मरणात असावी लागते. ती नसेल तर प्रेक्षकाच्या हाती आणखी एक देखणे चित्रच पडते. दुसरी अधिक गंभीर आहे. मोजपट्टीपुढे उभ्या केलेल्या आदिवासी स्त्रीला नकाराचा अधिकार नव्हता. कलावंत स्त्री ते रूप स्वेच्छेने घेते आणि स्वेच्छेने उतरविते. हे अंतर छायाचित्रे पुसू शकत नाहीत. फार तर ते दृश्यमान करतात.

(५)

पहिल्या मर्यादेचा विचार कलादालनाबाहेर केल्यास वेगळे चित्र दिसते. अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे मराठी-कन्नड सीमेवरील बाजारपेठेचे गाव आहे. अशा गावातील आडतीच्या दुकानात दिनदर्शिकेवरची कमलासना लक्ष्मी परिचयाची असते, कन्नड चित्रपटातील नायिका परकी नसते आणि विजापूरही दूर नसते. म्हणजे या मालिकेच्या आस्वादाला लागणारी प्रतिमास्मृती महानगरी रसिकापेक्षा अशा सीमावर्ती प्रेक्षकाजवळ कदाचित अधिकच असेल. उणीव आहे ती ओळखीच्या चित्राकडे दुसऱ्यांदा पाहण्याच्या सवयीची.

ही सवय लावणे हे वर्गातील अध्यापनाचे काम आहे. लावणीतील नखशिखान्त वर्णन, कादंबरीतील नायिकेचा पहिला प्रवेश किंवा दिनदर्शिकेवरील देवी शिकविताना ‘हे श्लील की अश्लील?’ या प्रश्नापाशी न थांबता तीन प्रश्न विचारता येतील : ही देहठेवण कोणी ठरविली? पाहणाऱ्याची जागा कोठे गृहीत धरली आहे? आणि या स्त्रीचे असे काय होते, जे चौकटीत येऊ शकले नाही? अंजनीबाईंच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांचे गाणे हे आहे.