फवाऱ्यातला थेंब कुठे जातो?

सटाण्याहून नामपूरच्या किंवा ताहाराबादच्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंना कांद्याचे वाफे, डाळिंबाच्या बागा आणि मधूनमधून द्राक्षांचे मांडव दिसतात. त्यात कुठेतरी पाठीवर पंप घेतलेला, तोंडाला रुमाल बांधलेला माणूस हमखास दिसतो. तो ‘औषध मारत’ असतो. कीटकनाशक हे विष आहे. पण आपल्या बोलीत त्याला औषध म्हणायचे. या एका शब्दाने पुष्कळ घोटाळा केला आहे, असे माझे मत आहे. औषधाला कोण भितो?

या माणसाला अडाणी समजू नका. कांद्यावरचे फुलकिडे केव्हा वाढतात, डाळिंबाला तेल्या कोणत्या हवेत येतो, हे तो एका दमात सांगेल. पण नोझलमधून निघालेला आणि पानावर न बसलेला थेंब जातो कुठे? हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, म्हणून आपण तो हाती घेऊ.

थेंबाचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थेंब खाली पडू लागला की हवेचा विरोध वाढतो आणि लवकरच त्याची गती स्थिर होते. बारीक थेंबांसाठी ही गती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 100 मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे 27 सेंटिमीटर उतरतो. 10 मायक्रॉनचा जेमतेम 3 मिलिमीटर. आता हिशेब करा. दीड मीटर उंचीवरून सुटलेला पहिला थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येईल. दुसऱ्याला आठ मिनिटांहून अधिक लागतील! वारा सेकंदाला 2 मीटर असा मंद असला, तरी पहिला थेंब तेवढ्या वेळात अकरा मीटर वाहून जाईल, म्हणजे शेजाऱ्याच्या बांधापलीकडे. दुसरा तर खाली येतच नाही म्हणा ना. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्यातले पाणी क्षणात उडून जाते आणि विषाचा सूक्ष्म कण तेवढा तरंगत राहतो. असा कण श्वासाबरोबर छातीत खोल जाऊ शकतो.

मग थेंब मोठेच का ठेवू नयेत? इथे शेतकऱ्याची बाजूही ऐका. 400 मायक्रॉनच्या एका थेंबात 100 मायक्रॉनचे 64 थेंब मावतात. तेच द्रव बारीक केले की त्याचे एकूण पृष्ठफळ चौपट होते आणि पान चांगले झाकले जाते. मोठा थेंब पानावरून घरंगळून मातीत जातो. तेव्हा बारीक तुषारांची त्याची ओढ निराधार नाही. पण दाब फार वाढवला की तुषारांचे धुके होते, आणि धुके कुणाच्या सांगण्यावर चालत नाही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते तुमच्या शिक्षकांना आठवत असेल. त्या पावसाळ्यात आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या खांद्याच्या वर गेली होती. फवारा वर धरायचा आणि त्याच ओळीतून पुढे चालायचे, म्हणजे स्वतःच्याच धुक्यात शिरायचे. शिवाय दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळलेली. आपला कांदा गुडघ्याएवढा, तिथे फवारा खाली जातो. पण डाळिंबाचे झाड आणि द्राक्षाचा मांडव डोक्याच्या उंचीचे. म्हणून यवतमाळची गोष्ट आपल्याला दूरची नाही. वारा पाठीशी किंवा आडवा ठेवायचा आणि फवारलेल्या भागापासून दूर सरकत जायचे. पुढे चालून त्यात शिरायचे नाही.

विष नाकातूनच जाते असे पुष्कळांना वाटते. फवारणी करणाऱ्याच्या अंगात ते बहुतांशी कातडीतून जाते. तोंडाचा रुमाल तर ओला झाला की विष चेहऱ्याशी धरून ठेवणारी पट्टीच होतो. रबरी हातमोजे, लांब बाह्या, बूट का घालत नाहीत, असे विचाराल तर उत्तर येईल, ‘सर, उकडतं.’ ते खरेच आहे! एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. प्लॅस्टिकच्या आत हवा बाष्पाने भरून जाते, घाम वाळत नाही, जीव कासावीस होतो. यावर उपाय सकाळच्या गार वेळेचा. पण अगदी पहाटे नको. तेव्हा जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते आणि चुलीचा धूर जसा आडवा पसरून राहतो तसे धुकेही राहते. ऊन पडून धूर वर जाऊ लागला, पाने जराशी हलू लागली, की सुरुवात करावी.

सर्वांत घातक काम मात्र फवारणीच्या आधीचे. समजा प्रमाण लिटरला 2 मिलिलिटर आहे. म्हणजे बाटलीतले द्रव पंपातल्या द्रावणाच्या 500 पट तीव्र. हातावर उडालेला त्याचा एक थेंब हा फवाऱ्याच्या 500 थेंबांबरोबर आहे. आणि नेमके हेच काम उघड्या हाताने, टोपणाने अंदाजे मापून, काठी नसली तर हातानेच ढवळून होते. हातमोजे एकाच वेळी घालायचे असतील तर ते या वेळी घालावेत.

रिकाम्या बाटलीचे गणित तर तुम्हीच करू शकाल. तळाशी 10 मिलिलिटर राहिले आहे. 300 मिलिलिटर पाण्याने एकदा विसळून ओतले आणि पुन्हा 10 राहिले, तर विष एकतिसाव्या हिश्शावर येते. तेच पाणी 100-100 करून तीनदा वापरले तर दर वेळी अकरावा हिस्सा, म्हणजे शेवटी 1331 वा! विसळलेले पाणी पंपातच टाकावे. इतके करूनही त्या बाटलीला भोक पाडावे. 2013 साली बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या शाळेत दुपारच्या जेवणातून कीटकनाशक पोटात गेले आणि 23 मुले मृत्युमुखी पडली.

बाटलीवर चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. बारीक अक्षरातले माहितीपत्रक घरात वाचून दाखवण्याचे काम तुमचे. घाम सुटणे, लाळ गळणे, अंधूक दिसणे, बाहुल्या बारीक होणे अशी लक्षणे दिसली तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि माणसाबरोबर बाटलीही दवाखान्यात न्यावी. डॉक्टरांना उताऱ्यासाठी विषाचे नाव लागते.

आता एक प्रयोग. कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची नवी बाटली घ्या, त्यात पाणी आणि थोडी नीळ घाला. शेतातला पंप घेऊ नका. अंगणात वाऱ्याच्या दिशेने एक, दोन, चार मीटरवर पांढरे कागद मांडा आणि कमरेच्या उंचीवरून दहा वेळा फवारा सोडा. प्रत्येक कागदावरचे ठिपके भिंगाने मोजा. मग एक कागद स्वतःच्या सदऱ्यावर टाचून वाऱ्याकडे तोंड करून पुन्हा फवारा, आणि त्यावरचे ठिपके मोजून वडिलांना दाखवा.