चार महिन्यांची नोकरी लपवावी का?

प्रश्न : पुण्यातील आयटी कंपनीचे ऑफर लेटर मिळाले आहे. मध्यंतरी चार महिने एका छोट्या कंपनीत होतो. तिथे वाद झाल्याने रिलीव्हिंग लेटर मिळाले नाही, म्हणून ती नोकरी बायोडेटात दाखवली नाही. पडताळणीत हे कळेल का?

उत्तर : तिथे तुमचा पीएफ कापला जात असेल, तर बहुधा कळेल. पीएफचा यूएएन क्रमांक एकच असतो आणि त्याखाली प्रत्येक कंपनीचे नाव, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख दिसते. पडताळणी करणाऱ्या एजन्सी पदवी, पत्ता, न्यायालयीन नोंदी तपासतातच. पण अनेकांचे घोडे अडते ते याच तारखांवर. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर तुम्ही एकाच वेळी दोन नोकऱ्या करत होता असे दिसते. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ही तारीख ईपीएफओच्या पोर्टलवर स्वतः भरता येते. आजच पाहून घ्या.

चार महिन्यांत नोकरी सोडणे हा काही गुन्हा नाही. लपवणे मात्र महागात पडते. रुजू झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते. पडताळणीचा फॉर्म भरण्याआधी एचआरला ईमेलने खरे ते कळवा. सोबत पगाराच्या स्लिप, बँक स्टेटमेंट आणि राजीनाम्याचा ईमेल जोडा. पैसे घेऊन अनुभवपत्र देणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका. आणि हो, पडताळणी होऊन ऑफर पक्की झाल्याचे लेखी कळेपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.