किडनी कुरकुर करत नाही

अगं, शाळेत बायकांसाठी धड संडास नाही म्हणून तू घोटभर चहावर घर सोडतेस आणि चार वाजेपर्यंत पाण्याला शिवत नाहीस, असं ताईच्या बोलण्यात आलं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हे चालायचं नाही. वॉर्डात आयुष्य गेलं माझं, म्हणून हक्काने सांगते.

पाठीकडून बरगड्यांच्या खालच्या टोकाशी हात ठेव. तिथे आत, दोन्ही बाजूंना मुठीएवढी एकेक किडनी. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, पण हृदय मिनिटाला जेवढं रक्त फेकतं त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघींकडे जातो. प्रत्येकीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या. दिवसाकाठी १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातलं दीड-दोन लिटर तेवढं लघवीवाटे बाहेर पडतं. बाकीचं परत रक्तात. तू पाणी तोडलंस की शरीर आहे ते राखून ठेवतं, लघवी दाट होते, क्षारांचे खडे धरायला लागतात. म्हणून लघवीचा रंग बघायची सवय लाव. फिकट पिवळा असला की ठीक, गडद दिसला की पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनेही ती गर्द पिवळी होते, त्याने घाबरू नकोस. आणि मी ओरडते म्हणून एका दमात दोन लिटर ढोसू नकोस. बाटली टेबलावर ठेव, दर तासाला थोडं थोडं पी.

लघवी तुंबवून धरू नकोस. बायकांचा मूत्रमार्ग चारेक सेंटिमीटरचा, जंतूंना मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही. लघवीच्या धारेने ते धुऊन निघतात, ती धारच तू दिवसभर अडवून धरतेस. जळजळ झाली तर दवाखान्यात जा. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं असेल तर त्याच दिवशी, कारण मग जंतू किडनीपर्यंत पोचलेले असू शकतात. शाळेजवळच्या एखाद्या घरी सांगून ठेव, बाईमाणसाला कुणी नाही म्हणत नाही. आणि तुम्ही सगळ्या शिक्षिका मिळून ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. वर्गातल्या पोरीही तुझ्यासारख्याच तहानलेल्या बसत असतील, हे मला जास्त लागतं.

आता दुखण्याच्या गोळ्या. डोकं दुखलं की आयबुप्रोफेन, कंबर दुखली की डायक्लोफेनॅक, हे बंद कर. शरीरात पाणी कमी असतं तेव्हा किडनी स्वतःकडे येणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवून कसंबसं काम चालवते. ज्या रसायनाच्या जोरावर ती हे करते, तेच या गोळ्या तोडतात. उन्हातून येऊन, जुलाब-उलट्या चालू असताना घेतलेली अशी गोळी एरवी चांगल्या किडनीलाही बसवू शकते. त्या दिवशी ओआरएस घे, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून.

तुझ्या बाबांकडे तर नीट लक्ष दे. रक्तदाबाची गोळी, लघवी होण्याची गोळी आणि वर गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली तिसरी, हे त्रिकूट वाईट. डॉक्टरांना सगळी पाकिटं एकदम नेऊन दाखव. पण रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू देऊ नकोस. चढलेला रक्तदाब आणि साखर हेच किडनीचे सगळ्यात मोठे शत्रू. ताटातलं लोणचं-पापड कमी कर. दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा मीठ पुरे.

किडनी दुखून सांगेल या भरवशावर राहू नका. निम्मं काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिनही बऱ्याचदा ठीकच दिसतं. त्याच्या आधी लघवीत प्रथिनं उतरायला लागतात, आणि ते साध्या तपासणीत कळतं. घरी बघायचं तर लघवीवरचा फेस बराच वेळ बसत नाही का ते बघ, आणि नडगीच्या खाली, घोट्याजवळ अंगठा दाबून धर. उचलल्यावर खळगा राहिला तर सूज आहे. बाबांना साखर आहे, तेव्हा लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन दोन्ही वर्षातून एकदा झालंच पाहिजे. या शनिवारी अर्धी शाळा आहे ना, तेव्हाच त्यांना घेऊन जा आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव.