वाचनालयाची खाती, वाचनालयाच्या हाती

तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय शासनाचं अनुदान, सभासदांची वर्गणी आणि मोजके देणगीदार यांच्यावर चालतं. त्या पैशांतून ग्रंथखरेदी, पगार, वीजबिल आणि छपराची डागडुजी एवढं भागलं तरी कार्यकारिणीला हायसं वाटतं. समाजमाध्यमं सांभाळायला दरमहा पैसे मोजायचा विषय बैठकीत निघतच नाही. पण व्याख्यानमालेला कोण येणार, दिवाळी अंक आले का, बालविभाग सुट्टीत किती वाजता उघडतो, हे लोक आता फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरच विचारतात. आमच्या वाचनालयाचं हे काम मी बरीच वर्षं नोकरी सांभाळून करते आहे, आणि सगळं फुकट साधनांवर. त्यातून जे समजलं ते अशाच एखाद्या संस्थेत मनापासून राबणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

१. खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

कुठलं साधन चांगलं, हा प्रश्न नंतरचा. छोट्या संस्थांची खाती बहुधा एखाद्या उत्साही कार्यकर्त्यानं स्वतःच्या मोबाइलवर सुरू केलेली असतात. फेसबुकचं पान कुणाच्या तरी वैयक्तिक प्रोफाइलवरूनच चालतं. तो माणूस नोकरीनिमित्त पुण्याला गेला की पानही त्याच्याबरोबर जातं. इन्स्टाग्रामचा ओटीपी माजी कार्यवाहांच्या नंबरावर येतो, यूट्यूब चॅनेल एखाद्या विद्यार्थ्याच्या जीमेलवर असतं. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. त्या वेळी ज्याला जमलं त्यानं केलेलं असतं. पण कार्यकारिणी बदलली की त्याची झळ बसते.

म्हणून पहिलं काम: संस्थेच्या नावाचा एक जीमेल आणि संस्थेच्या नावाचं एक सिमकार्ड. ते सिम वाचनालयातल्या फोनमध्येच राहायला हवं आणि त्याचं रिचार्ज वीजबिलासारखं खर्चात धरायला हवं. रिचार्ज न केलेला नंबर काही काळानं बंद होतो आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग आपले ओटीपी अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. फेसबुक पानाचा पूर्ण ताबा किमान दोन माणसांकडे हवा. यूट्यूब स्टुडिओत पासवर्ड न सांगताही दुसऱ्याला मॅनेजर किंवा एडिटर म्हणून घेता येतं, तेव्हा पासवर्ड वाटत बसायची गरजच नाही.

पासवर्डसाठी आम्ही बिटवॉर्डन वापरतो. ते मुक्तस्रोत आहे, आणि त्याच्या मोफत योजनेतही दोन माणसांना पासवर्डांचा एक संच सामायिक ठेवता येतो. दुहेरी पडताळणी सगळीकडे चालू आहे. फोन हरवला तर लागणारे राखीव कोड कागदावर छापून, पाकीट बंद करून, नोंदणी प्रमाणपत्र आणि घटनेच्या प्रतीसोबत कपाटात ठेवले आहेत. नवीन कार्यकारिणी आली की पदभाराच्या यादीत शिक्का, चेकबुक, किल्ल्या यांच्याखाली या खात्यांचीही ओळ असते. ती ओळ इतिवृत्तात यावी असा आग्रह मी धरला. चार संस्थांना यातलं एकच सांगायचं झालं तर मी हेच सांगेन.

२. तक्ता आधी, ॲप नंतर

गूगल शीट्समधला एक साधा तक्ता हे माझं मुख्य साधन. रकाने सहा: तारीख, विषय, पूर्ण मजकूर, फोटो कुठे आहे, कोण टाकणार, टाकलं का. ग्रंथपाल, बालविभागाच्या ताई आणि दोन महाविद्यालयीन मुलं यांना त्यात लिहिता येतं. वर्षातले ठरलेले दिवस एका बैठकीत भरून होतात: ३ जानेवारी सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्ट डॉ. रंगनाथन यांची जयंती म्हणजे ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, ८ नोव्हेंबर पु. ल. देशपांडे यांची जयंती. २०२४ साली ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून तीही तारीख यादीत आली.

पण नुसतं ‘विनम्र अभिवादन’ आणि एक फोटो, याला माझा विरोध आहे. त्या दिवशी तसा फोटो हजार ठिकाणी असतो. वाचनालयानं तोच पुन्हा टाकून वाचकाच्या हाती काय दिलं? आम्ही त्या लेखकाची आपल्याकडे असलेली पुस्तकं सांगतो, दाखल क्रमांकासह. २७ फेब्रुवारीला मराठीतल्या चार ज्ञानपीठ विजेत्यांची पुस्तकं मांडून त्यांची यादी टाकली होती: वि. स. खांडेकर (१९७४), कुसुमाग्रज (१९८७), विंदा करंदीकर (२००३) आणि भालचंद्र नेमाडे (२०१४). त्या आठवड्यात देवघेव खिडकीवर ‘ययाती’साठी नावं लिहून घ्यावी लागली. शिवाय क्रमांक लिहायचा म्हटलं की कुणाला तरी कपाटापर्यंत जावंच लागतं, आणि पुस्तक जागेवर आहे की नाही तेही कळतं.

जन्मतारखा आणि छायाचित्रं छापील चरित्रग्रंथात तपासल्याशिवाय तक्त्यात जात नाहीत. वाचनालयानं चुकीची तारीख सांगावी, हे शोभत नाही.

३. वेळ लावून ठेवायची सोय त्या त्या माध्यमाकडेच असते

रात्री साडेनऊला जेवणं आटोपल्यावर मला वेळ मिळतो, पण पोस्ट सकाळी जायची असते. त्यासाठी मेटा बिझनेस सूट पुरतं. ते मोफत आहे, आणि इन्स्टाग्रामचं खातं व्यावसायिक प्रकारात बदलून फेसबुक पानाला जोडलं की दोन्हीकडच्या पोस्ट एकाच जागी महिन्याच्या दिनदर्शिकेवर लावता येतात. यूट्यूबवर व्हिडिओ चढवतानाच प्रसिद्धीची तारीख-वेळ देता येते. तोवर तो खासगी राहतो. वेगवेगळ्या कंपन्यांची खाती एकाच पडद्यावर हवी असतील तर बफरची मोफत योजना आहे. तिच्यात ३ खाती जोडता येतात आणि प्रत्येक खात्यावर एका वेळी १० पोस्ट रांगेत ठेवता येतात. आमच्यासारख्या संस्थेला एवढं भरपूर झालं.

फुकट साधन कायम फुकट राहील असं मात्र धरून चालू नये. हूटसूटनं आपली मोफत योजना २०२३ च्या मार्चअखेर बंद केली. ट्वीटडेक वर्षानुवर्षं मोफत होतं. त्याच वर्षी तेही पैसे भरणाऱ्यांपुरतं झालं. त्यात त्या कंपन्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनाही खर्च असतो. आपण एवढंच करायचं: मजकुराची मूळ प्रत तक्त्यात ठेवायची, साधनात नाही. मग साधन बदललं तरी नुकसान एका संध्याकाळचं.

आणि रांगेत लावलेल्या पोस्टवर एका माणसाचं लक्ष हवंच. नदीचं पाणी वेशीला लागलेलं असताना ‘पावसाळी कवितांची मैफल’ बाहेर पडता कामा नये. एखाद्या मोठ्या लेखकाच्या निधनाची बातमी आली की तासाभरात रांग थांबवायचा अधिकार आम्ही ग्रंथपालांना दिला आहे. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

४. देवनागरीकडे लक्ष द्या

गावातला डीटीपीवाला पत्रक श्रीलिपीत जुळवतो. तो मजकूर तसाच फेसबुकवर डकवला तर नुसती अगम्य चिन्हं दिसतात, कारण ती जुनी टंकपद्धत युनिकोड नाही. म्हणून मूळ मजकूर आधी युनिकोडमध्ये, फोनवर जीबोर्डनं टंकायचा किंवा बोलून लिहायचा, आणि मग तो छपाईला द्यायचा. हा क्रम उलटा झाला की तेच काम दोनदा करावं लागतं.

चित्रांसाठी कॅनव्हाची मोफत आवृत्ती आहे. सेवाभावी संस्थांना कॅनव्हाची पैसे भरून मिळणारी आवृत्तीही मोफत मागता येते, त्यासाठी नोंदणीची कागदपत्रं जोडून अर्ज करावा लागतो. टंक निवडताना मात्र मी हट्टी आहे. अनेक टंकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आणि ‘वाऱ्यावर’ किंवा ‘दुसऱ्या’मधला अर्धा र मोडतो. तिरो देवनागरी मराठी हा गूगल फॉन्ट्सवरचा मोफत टंक मराठी वळणासाठीच केला आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त आणि बालू हेही मोफत आणि वाचायला स्वच्छ. कोणताही टंक घेण्याआधी हे दोन शब्द त्यात लिहून पाहायचे.

दिनांक, वेळ आणि स्थळ चित्रात असलं तरी खाली मजकुरातही लिहायचंच. आमच्या सभासदांत दृष्टिहीन वाचक आहेत. फोन त्यांना मजकूर वाचून दाखवतो. चित्रात कोंबलेलं आमंत्रण त्यांच्यापर्यंत पोचेलच याचा भरवसा नसतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर चित्राचं वर्णन लिहायची वेगळी जागा असते, ती भरायला मिनिटही लागत नाही.

५. एकच मजकूर सगळीकडे चिकटवू नका

इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेला दुवा दाबता येत नाही, फेसबुकवर येतो. यूट्यूबच्या वर्णनात ०:०० पासून वेळा लिहिल्या की व्याख्यानाचे भाग पडतात आणि ज्याला फक्त प्रश्नोत्तरं ऐकायची आहेत तो थेट तिथे जातो. एवढा फरक केला तरी पुरे.

६. व्हॉट्सॲपवर सभासदांचा मान राखा

आमचे सगळ्यात निष्ठावान वाचक साठीपुढचे आहेत आणि ते फक्त व्हॉट्सॲपवर असतात. त्यांच्यासाठी वाचनालयाच्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं. ते मोफत आहे. वेळ, वर्गणी, अनामत यांची उत्तरं त्यात तयार ठेवता येतात आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आपोआप निरोप जातो.

ग्रुपचा अनुभव वेगळा होता. तिथे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. बऱ्याच भगिनींना ते नको होतं, आणि त्यांचं म्हणणं योग्यच होतं. प्रसारण यादीत २५६ जणांची मर्यादा, शिवाय ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. २०२३ साली भारतात चॅनेलची सोय आली तेव्हा आम्ही सार्वजनिक सूचना तिकडे हलवल्या. तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि सणाच्या शुभेच्छांचा लोंढाही नाही. ज्यांना चॅनेल उघडणं अवघड वाटलं त्यांना खिडकीवर थांबवून, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हातानं करून दाखवलं. हे काम महाविद्यालयीन मुलांनी फार मायेनं केलं.

७. आलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर

बिझनेस सूटमध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरचे निरोप आणि प्रतिक्रिया एकत्र दिसतात. संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या आधीचा थोडा वेळ त्यासाठी ठेवला आहे. ‘अमुक पुस्तक आहे का?’ या प्रश्नाला उशीर केला की वाचक गेला.

त्याच पेटीत ‘तुमच्या पानानं कॉपीराइटचा भंग केला आहे, चोवीस तासांत पान बंद होईल’ असेही निरोप येतात, कंपनीचं बोधचिन्ह लावून. त्यातला दुवा पासवर्ड चोरण्यासाठी असतो. खरी तक्रार असेल तर ती आपल्या खात्यात शिरल्यावर आतच दिसते. फुकट फॉलोअर वाढवून देण्याच्या बदल्यात पासवर्ड मागणारी ॲपही याच जातीची. हे पेटी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायचं.

८. मुलांचे फोटो आणि जुनं साहित्य

बालविभागातल्या मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी संमती. आम्ही ती सभासदत्वाच्या अर्जातच घेतो, आणि ‘नको’ म्हणणाऱ्या पालकांच्या मुलांना कुठल्याही स्पर्धेत वेगळं पाडत नाही. फोटो पाठीमागून किंवा मुलांनी काढलेल्या चित्रांचाच काढतो.

साठवणुकीचं गणितही लक्षात घ्यायला हवं. गूगलची मोफत जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटोज मिळून आहे. फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण जून २०२१ पासून थांबली. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचे निवडक फोटोच ठेवतो आणि नावात वर्ष, महिना, वक्त्याचं आडनाव घालतो. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये. तिथे ज्यांनी संस्थेचं सगळं ठेवलं होतं आणि वेळेत उतरवून घेतलं नाही, त्यांचं ते गेलं. मार्चअखेर हिशेब बंद करताना गूगल टेकआउटमधून आणि फेसबुकच्या माहिती उतरवण्याच्या सोयीतून सगळी प्रत हार्डडिस्कवर घ्यायची, हे आता ठरून गेलं आहे.

९. आकडे खिडकीवरून घ्या

किती जणांपर्यंत पोस्ट पोचली, हे प्रत्येक माध्यम फुकट दाखवतं, आणि मी ते बघते. पण ‘तुमचा अंक आला आहे का’ असं विचारत जिना चढून आलेला एक वाचक मला शंभर अंगठ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. म्हणून सभासदत्वाच्या अर्जावर ‘वाचनालयाची माहिती कुठून मिळाली?’ असा रकाना वाढवून घेतला. त्यात बहुतेक जण व्हॉट्सॲप लिहितात, आणि विचारलं तर सांगतात की मैत्रिणीनं किंवा शेजाऱ्यांनी नव्या पुस्तकांची यादी पाठवली होती. तेव्हापासून ती यादी आम्ही चित्रात न बसवता साध्या मजकुरात देतो. पुढे पाठवणाऱ्याला ती उचलून आपल्याला आवडलेल्या पुस्तकाखाली स्वतःचे दोन शब्द लिहिता येतात.