एका गोधडीचा हिशेब

दान द्यायची गोधडी फुकटात होते, असं आमच्या घरी सगळ्यांनाच वाटायचं. साड्या जुन्या, हात घरचे, दुपार मोकळी. तीन हिवाळे वही ठेवली तेव्हा कळलं, की साड्या स्वस्तात पडतात. दुपार मात्र मोकळी नसतेच.

आधी कापड. एका माणसाच्या गोधडीला तीन सुती सहावारी साड्या लागतात. साडी साडेपाच मीटर. पदर कापून बाजूला ठेवा, म्हणजे पावणेपाच मीटर उरते. ती मधोमध दुमडली की पावणेआठ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे दोन थर होतात. तीन साड्यांचे सहा. आमच्या वर्ध्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो, पण पौषातल्या रात्री दहा-बारा अंशांच्या आसपासच्या. तेवढ्या थंडीला सहा थर पुरतात. साड्या अगदीच फुकट म्हणू नका. बोहारणीने त्यांच्यावर एखादं पातेलं दिलंच असतं.

साड्या सुतीच हव्यात, याबाबत मी हट्टी आहे. नायलॉन-पॉलिस्टर घाम टिपत नाही, थर एकमेकांवरून सरकतात, आणि शेकोटीजवळ झोपणाऱ्याच्या अंगावर ठिणगी पडली तर ते कापड वितळून कातडीला चिकटतं. ‘दानालाच तर द्यायची आहे’ म्हणून कपाटातल्या सिंथेटिक साड्या खपवू नका. सुती साडीही आधी फॉल उसवून गरम पाण्यात धुवा. रंग जायचा असेल तर तुमच्या मोरीत जाऊ दे, घेणाऱ्याच्या अंगावर नको.

रोख खर्च एवढाच: जाड सुती दोरा, मोठ्या सुया, एक अंगुस्तान, साबण. दीड-दीड इंचावर धावदोऱ्याच्या तीस ओळी येतात. दोरा दुहेरी धरला आणि कडा धरल्या तर पावणेदोनशे मीटर लागतो. माझ्या वहीत गेल्या गोधडीपुढे एकशे साठ रुपये लिहिलेत. त्यातली सुया-अंगुस्तानाची रक्कम पुढच्या गोधडीला लागणार नाही.

आता खरा खर्च. सहा थरांतून पावणेआठ फुटांची एक ओळ घालायला मला वीस मिनिटं लागतात. तीस ओळी म्हणजे दहा तास. धुणं, उसवणं, थर लावून कच्चे टाके घालणं, यांचे आणखी तीन. रोज रात्री भांडी आवरून अर्धा तास बसले, आठवड्यातून पाच दिवस, तर सव्वीस बैठका होतात. कागदावर पाच आठवडे. घरात एकाला ताप, एकाची परीक्षा आणि नणंदबाई चार दिवस राहायला, असं धरलं तर दोन महिने. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने माझे तेरा तास पाचशे रुपयांच्या वर जातात. ही रक्कम कुणी देणार नसतं, पण मांडून बघावी. तेवढे तास खरोखर नसतील तर शेजारपाजारी गोधडी शिवून देणाऱ्या बाईंना द्या आणि मजुरीत घासाघीस करू नका. कापड तुमचं, टाके त्यांचे. दान त्यानं कमी होत नाही.

कापसाच्या जिल्ह्यात राहतो तर रजईच का नको, असं आमचे हे दरवर्षी विचारतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश. म्हणजे दोन किलो रुईला सहा किलो कापूस, पावणेपाचशेच्या वर. सरकीचे पैसे त्यातून वजा करा, पण जिनिंग, पिंजाई, खोळ आणि भरायची मजुरी वर चढते. एवढं करून रजई धुता येत नाही, हा तिचा मोठा दोष. गोधडी बादलीत बसते आणि वर्ध्याच्या उन्हात एका दिवसात खडखडीत वाळते.

हे मी ठेच लागून शिकले. पहिल्या वर्षी आम्ही पाच जाडजूड गोधड्या एका संस्थेला नेऊन दिल्या. नाव सांगत नाही, चूक आमचीच होती. त्यांच्याकडे धुवायला जागा नव्हती. उन्हाळ्यात गेले तर पाचही कोठीत तशाच घडी घातलेल्या. तेव्हापासून आधी विचारते: किती हव्यात, केवढ्या, तुमच्याकडे धुतं कोण? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात यवतमाळ-चंद्रपूरकडून रुग्ण येतात, आणि सोबतचा माणूस रात्र काढतो ती बहुधा फरशीवर. दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. पण रुग्णालय असो की वसाहत, आत काय चालतं हे तिथले लोक ठरवतात. कुठेच हो म्हणाले नाहीत तर वीटभट्टीवर जा. तिथे अर्ज लागत नाही.

कराचंही सांगून टाकते. वस्तूरूपी दानाला आयकरात वजावट नाही, तेव्हा गोधडीची पावती मागून कारकुनाचा वेळ घेऊ नका.

दिवसांचं गणित आमच्याकडे शेत ठरवतं. आषाढ-श्रावणात निंदण असतं आणि काही वाळत नाही. दिवाळीनंतर वेचणी, तेव्हा सुई धरायची सोयच नाही. तान्हा पोळा झाला की थर लावायचे आणि दिवाळीच्या फराळाआधी शेवटचा टाका. संक्रांतीला दिलेली गोधडी त्या वर्षी फारशी कामाची नाही.

आणि बाजूला ठेवलेले ते तीन पदर. त्यांना जरतार असेल तर काढून टाका, ती बाळाला टोचते. तिन्ही पदर एकावर एक ठेवून शिवले की अडीच फूट बाय पावणेचार फुटांचं दुपटं होतं, अडीच तासांत. घर फारच धावपळीचं असेल तर गोधडी राहू द्या, दुपट्यापासूनच सुरुवात करा. दोरे मात्र आत खोचून घ्या, लोंबता एकही नको. बाळाचं बोट अडकतं.